पुढचा म्हणजे कुठला?

मोबाईलवर तुम्ही एक बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं. फिरतच राहिलं. काम झालं की नाही, काहीच कळेना. आता खरं सांगा, तुम्ही काय केलंत?

पुन्हा दाबलंत. मीही दाबते. सगळं जग दाबतं. त्यात तुमचं काहीही चुकलेलं नाही, हे मी आधीच लिहून टाकते, कारण काही बिघडलं की ते तुमच्यावरच ढकललं जातं. 'युजरने दोनदा क्लिक केलं' हे वाक्य आमच्या ऑफिसांतून किती सहज बोललं जातं, ते तुम्ही ऐकलं असतंत तर मोबाईल फेकून दिला असतात. घाबरलेला माणूस दोनदा दाबतो. हे ज्या यंत्रणेने गृहीत धरलेलं नाही ती यंत्रणा गुन्हेगार आहे, आणि ती बनवणारी माणसंसुद्धा. हे मला एका माणसाने गुन्हा घडण्याआधी निदान वीस वेळा सांगितलं होतं. मी हसले होते. मग गुन्हा घडला, आणि तो माझ्याच हातून घडला.

त्या माणसाविषयी लिहायचं आहे.

आम्ही त्यांना तोंडावर सर म्हणायचो आणि पाठीमागे 'व्हॉल्व्ह'. महापेच्या एका काचेच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, कार्पेट घातलेल्या ऑफिसात हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस कारखान्यातले सेफ्टी शूज घालून यायचा. कार्पेटवरूनही त्यांची पावलं ऐकू यायची. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा ते शिकणाऱ्यांत सर पहिले. कारखाना बंद पडला तेव्हा तेवढंच हातात उरलं, म्हणून ते आमच्यात आले.

"बूट कशाला सर? इथे पायावर काय पडणार आहे?" मी एकदा विचारलं.

"पडेपर्यंत कुठेच काय पडत नसतं," ते म्हणाले, आणि मीटिंगच्या खोलीतली बाहेर पडायची दोन्ही दारं नेहमीप्रमाणे सगळ्यांना दाखवून मगच खाली बसले.

आमचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढची भीती समजेल. नवी मुंबईतल्या काही डायलिसिस केंद्रांचं वेळापत्रक आमच्या यंत्रावर होतं: कुठला बेड, कुठला दिवस, किती वाजता, कुठला पेशंट. पेशंट थेट आमच्याकडे येत नसे. तो एखाद्या हॉस्पिटलचं किंवा ट्रस्टचं ॲप उघडायचा, आणि ते ॲप आमच्या यंत्राला सांगायचं, अमक्याची वेळ दाखव, तमक्याची वेळ रद्द कर. अशा सांगण्या-विचारण्यासाठी जी खिडकी ठेवलेली असते तिला एपीआय म्हणतात. खिडकीच्या अलीकडेही यंत्र, पलीकडेही यंत्र. बोलणाऱ्याला अक्कल नाही, ऐकणाऱ्यालाही नाही. म्हणून काय बोलायचं आणि त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे कुणीतरी आधी बसून ठरवावं लागतं. अक्कल असलीच तर ती त्या ठरवणाऱ्याची. ठरवणाऱ्यांत सर होते आणि मी होते.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी सर एक गोष्ट सांगत. मलाही सांगितली.

"बारा आणि तेरा, असे दोन व्हॉल्व्ह. मी वॉकी-टॉकीवर बोललो, 'पुढचा बंद कर.' नुसती खरखर. ऑपरेटरचं उत्तर नाही. मला वाटलं, त्याने ऐकलं नाही. मी परत बोललो, 'पुढचा बंद कर.' आता, त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. बारा बंद केला होता. उत्तर तेवढं माझ्यापर्यंत आलं नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकलं, तेरा बंद केला. तेरा बंद करायचा नव्हता. लाइनमध्ये प्रेशर चढलं, जोड सुटला. त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. तो बरोबर वागला. दोनदा सांगितलं, त्याने दोनदा केलं. चूक बोलणाऱ्याची. बोलणारा मी."

एवढं बोलून ते रजेचे नियम सांगायला लागले. ही गोष्ट चालू असताना मी टेबलाखाली मोबाईल बघत होते.

त्यानंतर 'पुढचा' हा शब्द सरांनी आयुष्यातून काढून टाकला होता. 'तोच', 'नेहमीचा', 'बाजूचा', हे सगळे त्याच कचऱ्याच्या डब्यात. कुणाच्या तोंडून असा शब्द निघाला की ते हातातलं काम थांबवून विचारायचे, "पुढचा म्हणजे कुठला?" कँटीनमधला चहावाला तर मुद्दाम चिडवायचा.

"सर, नेहमीचा ना?"

"नेहमीचा म्हणजे कुठला?"

"अहो, बिनसाखरेचा."

"मग तसं बोल. उद्या तुझ्या जागी दुसरा आला, तर त्याला नेहमीचा काय कळणार?"

"दुसरा आला तर दोन दिवसांत पळून जाईल सर, तुमी टेन्शन नका घेऊ."

नवी मुंबई त्यांना मनापासून आवडायची, कारण इथे सगळ्याला नंबर आहे. सेक्टर, प्लॉट, इमारत, विंग. कुणी 'पिंपळाजवळ' असा पत्ता सांगितला की सरांचा चेहरा पडायचा. "झाड पडलं तर? पाहुणा जन्मभर फिरेल!"

जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांनी दोन भाग पाडले होते. एक लिफ्टचं बटण, दुसरी दाराची बेल. लिफ्टचं बटण दहादा दाबा, लिफ्ट एकदाच येते. बेल दहादा दाबा, दहादा वाजते. लिफ्टसमोर उभं राहून ते खरोखर दहादा बटण दाबायचे, मागे रांग लागलेली असताना, आणि दार उघडलं की समाधानाने म्हणायचे, "बघ. ज्याने केलं त्याने घाबरट माणसाचा विचार केलाय." आमच्यातल्या कुणीही नवं काही लिहून त्यांच्यापुढे ठेवलं की पहिला प्रश्न ठरलेला: "हे लिफ्ट आहे का बेल?" ह्या गुणाला पुस्तकांत एक भारदस्त इंग्रजी शब्द आहे. सर तो कधी वापरत नसत. म्हणायचे, "तो शब्द पाठ झाला की पोरांना वाटतं गोष्ट समजली."

दुसरा प्रश्न त्याहून वाईट. कुठलंही काम अडलं, उत्तर आलं नाही असं कुणी म्हणालं, की विचारायचे, "निरोप पोचला नाही का उत्तर पोचलं नाही?" आम्हाला कसं कळणार! तेच त्यांना म्हणायचं असायचं. "बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. गप्प. सगळी भीती त्या गप्प बसण्यात आहे. तिथे काय करायचं ते आधी लिही. बाकीचं कुणीही लिहील."

एकदा त्यांच्याकडे नेरूळला जेवायला गेले होते. मी आत शिरताच काकूंनी विचारलं, "पोचलीस म्हणून घरी फोन केलास का? नाहीतर हे करतील." मग सांगायला लागल्या की सर ऑफिसात पोचल्यावर फोन करून 'पोचलो' म्हणतात, आणि काकूंनी 'पोचलात' असं उलट म्हटल्याशिवाय फोन ठेवत नाहीत. काकू आंघोळीला असल्या तर दर पाच मिनिटांनी फोन. "बघायला आले तेव्हासुद्धा असंच. पसंत आहे का म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. चार दिवसांनी परत निरोप, पसंत आहे ना? मी परत हो म्हटलं. दोनदा हो म्हटलं म्हणून दोन लग्नं लागली नाहीत, एवढंच नशीब."

सर मान खाली घालून भाकरी मोडत होते. हळूच म्हणाले, "नीट केलेली गोष्ट अशीच असते."

त्यांची एकच सवय मला सुरुवातीपासून आवडायची. आमच्या खिडकीशी कसं बोलायचं ते सांगणारं जे डॉक्युमेंट आम्ही बाहेरच्या कंपन्यांना द्यायचो, त्याच्या तळाशी सरांनी स्वतःचं नाव आणि मोबाईल नंबर छापला होता. मॅनेजर वैतागायचे. "सर, हे प्रोफेशनल दिसत नाही. सपोर्टचा ईमेल आहे की."

"घाबरलेला माणूस ईमेल लिहीत बसत नाही."

माझे वडील तुर्भ्याच्या कारखान्यात युनियनचं काम करायचे. आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. ज्या पत्रकाखाली नाव-पत्ता नाही ते पत्रक वडील हातात धरत नसत. म्हणून सरांचा तो नंबर बघून मला वाटायचं, हा माणूस विक्षिप्त असेल, पण आपल्यातला आहे.

आणि ह्याच आपलेपणाच्या भरात मी ती चूक केली.

वेळ रद्द करण्यासाठी आमच्या यंत्राला त्या वेळेचा क्रमांक द्यावा लागायचा. मला ते जुलमी वाटलं. डायलिसिसला येणारी माणसं थकलेली, कितीतरी म्हातारी, हातात साधे फोन. त्यांच्यासाठी सोपं केलं पाहिजे. म्हणून मी नवी सोय लिहिली: क्रमांक नको, काही नको, फक्त पेशंट कोण ते सांगा आणि म्हणा, 'पुढचा स्लॉट रद्द करा.' जो सगळ्यात जवळचा असेल तो रद्द होईल. मला स्वतःचा अभिमान वाटला. गरिबाच्या बाजूने एक ओळ लिहिली असं वाटलं.

सरांनी मी लिहिलेलं छापून घेतलं आणि लाल पेनने 'पुढचा' ह्या शब्दाभोवती गोल काढला. बाजूला लिहिलं, मंजूर नाही. खाली सही.

"सर, लोकांना सोपं पडेल."

"सोपं कुणाला? दाबणाऱ्याला का लिहिणाऱ्याला?"

"क्रमांक कोण लक्षात ठेवणार?"

"माणसाला कोण सांगतंय लक्षात ठेवायला? ॲप यादी दाखवील, सोमवार, बुधवार, शुक्रवार. माणूस सोमवारवर बोट ठेवील. त्याचा क्रमांक ॲपने पाठवावा. सोमवार दहादा रद्द केला तरी सोमवारच रद्द होईल. तुझ्या ह्याच्यात सोमवार रद्द झाला की पुढचा कोण?"

मी गप्प बसले नाही. म्हणाले, "सर, तुम्हाला सगळीकडे व्हॉल्व्ह दिसतात."

मॅनेजर घाईत होते. सोय एका मोठ्या क्लायंटला दाखवायची होती. "दोनदा कोण कशाला रद्द करेल, सर?" ते म्हणाले, आणि सोय चालू झाली.

इथवर गुन्हा अर्धाच होता. उरलेला अर्धा मी सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्यावर पुरा केला. डॉक्युमेंटमध्ये आम्ही एक नमुना प्रोग्राम द्यायचो, बाहेरच्या कंपन्यांना सुरुवात करून द्यायला. खरं म्हणजे कुणीच सुरुवात करत नाही. सगळे नमुनाच उचलून चिकटवतात. मी त्या नमुन्यात लिहिलं: काही सेकंदांत उत्तर आलं नाही तर मागणी पुन्हा पाठवा, जास्तीत जास्त तीन वेळा. नेट खराब असेल तर बिचाऱ्या पेशंटला परत परत दाबायला नको. म्हणजे बेलही मीच बसवली, आणि ती तीनदा दाबणारं बोटही मीच बसवलं. दोन्ही सोयी म्हणून.

त्या बुधवारी सर कामावर रुजू होऊन दोनच दिवस झाले होते. काळा चष्मा लावून बसले होते. सकाळी दहाच्या सुमाराला त्यांचा मोबाईल वाजला. त्यांनी स्पीकर लावला, कारण डोळ्यांत थेंब घालत होते.

"मी कोपरखैरण्यावरून बोलते. ॲपवाल्यांनी हा नंबर दिला, म्हणाले ह्याच्यावर माणूस उचलतो. माझ्या मिस्टरांना डायलिसिसला आणलंय. इथे बोलतात त्यांचं नावच नाही."

"ताई, तुमचं डायलिसिस कुठल्या वारी असतं?"

"सोमवार, बुधवार, शुक्रवार. सोमवारचं आमी कॅन्सल केलं, माझे मोठे दीर वारले, गावाला जायला लागलं. एकच कॅन्सल केलं हो! इथली मॅडम बोलते, तिन्ही कॅन्सल हायत, बेड दुसऱ्याला दिला. मागच्या शुक्रवारपासून झालं नाही. पाय एवढे सुजलेत. पायरीवर बसलेत, धाप लागलीय. मी काय करू?"

सरांनी तिचं नाव, नवऱ्याचं नाव, पेशंट क्रमांक विचारला आणि प्रत्येक गोष्ट तिला उलट म्हणून दाखवली. "फोन ठेवू नका, ताई. मी इथेच आहे."

मी नोंदी उघडल्या. त्या माणसाने बटण एकदाच दाबलेलं. मिनिटभरात तीन मागण्या. पहिलीने सोमवार गेला. आमचं उत्तर उशिरा गेलं, म्हणून दुसरी आली. तिला सोमवार दिसलाच नाही, तिच्यासाठी पुढचा म्हणजे बुधवार. तिसरीसाठी शुक्रवार. 

"सर, हे माझं आहे. मी..."

"नंतर. आधी बेड."

मॅनेजर धावत आले होते. स्क्रीनवर बोट ठेवून ओरडले, "हा काय, नेरूळला अकराचा बेड रिकामा आहे! पाठवा त्यांना!"

सर म्हणाले, "रिकामा आहे कशावरून?"

एक क्षण कुणाला कळलंच नाही. मग मला कळलं. ज्या चुकीने कोपरखैरण्याचा बेड रिकामा झाला, त्याच चुकीने नेरूळचा झाला असेल तर? स्क्रीनवरचा प्रत्येक रिकामा बेड आता संशयित होता. कुठल्याही रिकाम्या बेडकडे कुणीतरी माणूस आत्ता, ह्या क्षणी, निघालेला असू शकत होता. आमच्या यंत्राला ते माहीत नव्हतं. यंत्राला विचारून काही उपयोग नव्हता. माणसांनाच विचारावं लागणार होतं.

ज्यांच्या नावापुढे एकाहून जास्त रद्द दिसत होते, अशी अकरा नावं निघाली. सरांनी ऑफिसच्या फोनवरून पहिला फोन नेरूळच्या अकराच्या बेडवाल्या आजींना लावला.

"आजी, आज बुधवार. सकाळी अकराचं डायलिसिस तुम्ही रद्द केलंय का?"

"मी कशाला रद्द करू? रिक्षात बसलेय मी. सोमवारचं तेवढं नको म्हटलं होतं. तुम्ही कोण?"

"या तुम्ही. सावकाश या. तुमचा बेड आहे." फोन ठेवून सरांनी मॅनेजरकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी नेरूळ केंद्राला फोन करून आजींचं नाव हाताने परत लिहायला लावलं, आणि दुसऱ्या नावाकडे वळले. वाशी, साडेअकरा.

"काका, आज बुधवार, वाशीचं साडेअकराचं डायलिसिस. तुम्ही रद्द केलंत?"

"केलं ना. मुलाकडे पुण्याला आलोय. इथेच लावून घेतोय."

"म्हणजे आजचं, बुधवारचं, साडेअकराचं, तुम्हाला नको?"

"अहो, नको म्हणून किती वेळा सांगू?"

"अजून एकदा सांगा."

"नको!"

सरांनी चालू ठेवलेला आपला मोबाईल उचलला. "ताई, रिक्षा करा. वाशी." त्यांनी केंद्राचा सेक्टर, प्लॉट, मजला सांगितला. तिच्याकडून म्हणवून घेतला. मग वाशीच्या केंद्राला फोन. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, पाठवा, घेतो. अर्ध्या तासाने सरांनी परत विचारलं.

"हो हो, आलेत पेशंट."

"आलेत नको, सिस्टर. मशीनला लावलं का?"

"लावतोय."

"लावतोय नको. मी फोन चालू ठेवतो."

फोन टेबलावर होता. त्यातून कुणाची तरी पावलं, पडदा सरकल्याचा आवाज, मशीनची टिकटिक, सिस्टर कुणाला तरी म्हणत होत्या, हात सैल सोडा काका. आम्ही सगळे त्या फोनकडे बघत उभे होतो. मग आवाज आला, "लावलं."

"लावलं," सर म्हणाले, आणि वेळ लिहून ठेवली. काळ्या चष्म्याखालून पाणी येत होतं. ते थेंबांचं होतं असं ते म्हणाले.

अकरापैकी पाच फोन माझ्या वाट्याला आले. त्यांपैकी शेवटच्या बाई दिघ्याच्या होत्या. मी त्यांना सांगितलं की तुमचा शुक्रवार आमच्या चुकीने रद्द झाला होता, तो परत घातलाय.

"म्हणजे शुक्रवारी मी गेले असते आणि मला घरी पाठवलं असतं?"

"हो."

"मग तू आत्ता कशाला रडतेस? मी अजून घरीच हाय."

संध्याकाळी कंपनीने बाहेर पाठवायचं पत्र तयार केलं. 'तांत्रिक कारणामुळे काही अपॉइंटमेंट रद्द झाल्या.' मी पेटले. कारण म्हणजे कोण? रद्द झाल्या म्हणजे आपोआप झाल्या? एक माणूस पायरीवर बसून श्वासासाठी तडफडत होता आणि ह्या वाक्यात माणूसच नाही! मी रागाच्या भरात चार पानांचं पत्रक लिहून सरांपुढे टाकलं.

त्यांनी लाल पेन काढलं. "'अक्षम्य' काढ. 'लाजिरवाणं' काढ. 'रुग्णांच्या जिवाशी खेळ', हे पण काढ."

"खोटं आहे का ते?"

"खरं आहे. पण ते वाचून कुणाचा हात कीबोर्डवर जात नाही. काय झालं, कुणाला धोका आहे, आत्ता काय करायचं. एवढंच ठेव."

चार पानांचं अर्धं पान उरलं. खाली मी माझं नाव लिहिलं होतं. मला वाटलं, ते खोडतील. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "फोन नंबर राहिला."

मॅनेजर म्हणाले, वकिलांना दाखवल्याशिवाय असलं पत्र जाणार नाही. सरांनी ते स्वतःच्या ईमेलवरून सगळ्या क्लायंटना पाठवलं, आणि प्रत्येकाला फोन करून वाचलंत का म्हणून विचारलं. माझी ती सोय त्यांनी त्याच आठवड्यात बंद करायला लावली. आता कुणी 'पुढचा स्लॉट रद्द करा' म्हटलं की आमची खिडकी स्वच्छ नकार देते: ही सोय बंद आहे, वेळेचा क्रमांक पाठवा. ह्या नकारासाठी ते एकटे सगळ्यांशी भांडले. सर म्हणायचे, "नकाराने माणूस चिडतो. चिडू दे. चिडलेला माणूस फोन तरी करतो."

वर्ष संपलं तेव्हा सरांचं कंत्राट वाढवलं नाही. कारण सांगितलं नाही. मी विचारलं, तर मॅनेजर म्हणाले, पॉलिसी आहे. निरोपाला शाल आणि नारळ. काही हवं का, असं उगाच विचारायचं म्हणून विचारलं, तर सरांनी टेस्टिंगची एक चावी मागितली, म्हणजे आमच्या खिडकीशी खोट्या पेशंटच्या नावाने बोलायची परवानगी. सगळे हसले आणि ती देऊन टाकली. तेव्हापासून रोज सकाळी दहा वाजता सर नेरूळच्या घरातून आमच्या यंत्राला सांगतात, 'पुढचा स्लॉट रद्द करा.' यंत्र नाही म्हणतं. मग मला मेसेज येतो, "नकार आला." मी उलट लिहिते, "नकार आला." काकू म्हणतात, एवढ्या नियमाने ह्यांनी बीपीची गोळी घेतली असती तर बरं.

इथे हे संपायला हवं होतं.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने मला तिचं काम दाखवलं. ती दुसऱ्याच कंपनीत आहे. केमोथेरपीच्या वेळा नोंदवायची यंत्रणा करते. म्हणाली, जरा बघ, मी एका चांगल्या नमुन्यावरून केलंय, नेटवर मिळाला. मी वाचायला लागले. पुढची वेळ रद्द करा. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवा, तीन वेळा. आणि वर, प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत, मी त्या दिवसांत गंमत म्हणून टाकलेलं मराठी वाक्य जसंच्या तसं: घाबरू नका, पुन्हा पाठवा.

तिचं आम्ही त्याच दिवशी दुरुस्त केलं. मग मी नेरूळला गेले. सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"किती ठिकाणी गेलं असेल?"

"माहीत नाही, सर."

"किती जणांनी उतरवून घेतलं?"

"मोजलं नव्हतं."

"आपली खिडकी बंद केली," ते म्हणाले. "पण तुझं बोट बाहेर फिरतंय."

 इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे आणखी प्रश्न नव्हता.  मग म्हणाले, "त्या सगळ्यांना फोन करता येणार नाही."

"नाही."

"मग लिही. विशेषणं नको."

म्हणून लिहिलं. काय झालं ते सांगितलं. धोका कुणाला आहे तेही सांगितलं. आता काय करायचं ते.

तुमच्या घरात, शेजारी, तुमच्या सोसायटीत कुणी डायलिसिसला, केमोला, ठरलेल्या वारी घ्याव्या लागणाऱ्या कुठल्याही उपचाराला जात असेल, आणि त्यांनी ह्या आठवड्यात मोबाईलवरून एखादी वेळ रद्द केली असेल, तर त्या ॲपवर विश्वास ठेवू नका. केंद्राला फोन लावा. सोमवार, बुधवार, शुक्रवार, एकेका वाराचं नाव घेऊन विचारा, त्या दिवशी आमचं नाव यादीत आहे का. नसेल तर फोन न ठेवता तिथेच परत घालून घ्या. समोरचा माणूस वैतागेल. वैतागू द्या. यादीत तुमचं नाव असणं हे कुणाचे उपकार नाहीत. फोन लावा.